प्लायवूड वाकेल तशी होडी

प्लायवूडची शीट एका दिशेने वाकवली की दुसऱ्या दिशेने ती जवळजवळ वाकतच नाही. तिच्यातून नळकांड्याचा किंवा शंकूचा तुकडा होईल, चेंडूचा होणार नाही. घरी शिडाची होडी बांधताना मी जे शिकले, त्यातलं बहुतेक सगळं या एका गोष्टीतून आलं आहे. होडीचा आकार कसा असू शकतो, कडा कुठे येणार, ताण कुठे बसणार, हे सगळं शीटच्या या स्वभावावर ठरतं. म्हणून पहिल्यांदा होडी बांधायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी पुठ्ठ्याची होडी करायला सांगते.

पुठ्ठाही एका वेळी एकाच दिशेने वाकतो, त्यामुळे तो फसवत नाही. नकाशातल्या फळ्या १:१० मापात कापायच्या आणि कडेला कड लावून चिकटपट्टीने जोडायच्या. पुठ्ठ्याला सुरकुती पडली किंवा पुढच्या टोकाशी दोन कडा मिळेनात, तर खऱ्या होडीतही तेच होणार. माझी होडी साधारण साडेतीन मीटर लांब आहे. मधोमध तळाची फळी, तिच्या दोन्ही अंगांना दोन-दोन फळ्या आणि मागे उभी पाठफळी. पुठ्ठ्याची होडी हातात घेतली तेव्हा लगेच कळलं की तळालगतच्या फळीला पुढच्या टोकाकडे जाताना सगळ्यात जास्त पीळ बसतो. त्या जागेला जास्त वेळ द्यावा लागणार, ही खूणगाठ तेव्हाच बांधली.

जुन्या पद्धतीत आधी सांगाडा उभा करतात. आडव्या चौकटी उभारायच्या, त्यांच्या कोपऱ्यांत लांब पट्ट्या बसवायच्या, त्या पट्ट्यांचा कोन जागोजागी बदलत तासायचा आणि मग त्यावर प्लाय चढवायचा. ते मुरलेल्या सुताराचं काम. मी निवडली ती टाके घालून चिकटवण्याची पद्धत. ब्रिटनमध्ये १९६२ साली जॅक होल्ट हा होड्यांचा आरेखक आणि टीव्हीवर घरगुती कामांचे कार्यक्रम करणारा बॅरी बकनेल या दोघांनी मिळून ‘मिरर’ नावाची होडी तयार केली. डेली मिरर या वृत्तपत्राने ती लोकांपर्यंत नेली, म्हणून ते नाव. जेमतेम ३.३ मीटरची, लाल शिडाची ही होडी; प्लायच्या फळ्या तांब्याच्या तारेने शिवायच्या आणि सांध्यांवर काचतंतूची पट्टी चिकटवायची, अशी तिची बांधणी. अशा ७०,०००हून अधिक होड्या झाल्या, त्यातल्या कितीतरी हौशी लोकांनी घरी बांधल्या.

या पद्धतीचा मला वाटणारा मोठेपणा असा: सांगाडा जे काम करायचा ते काम फळ्यांच्या कडांकडे आलं. होडीचा सगळा आकार सपाट शीटवर काढलेल्या त्या वक्र रेषांमध्ये आधीच असतो. एका फळीची कड जरा जास्त फुगीर, तिच्या शेजारणीची जरा कमी. दोन्ही कडा जुळवून शिवल्या की फळ्यांना वाकण्यावाचून दुसरा मार्गच राहत नाही. म्हणजे सुतारकामातलं कसब कमी असलं तरी चालेल, पण रेषा खरी हवी.

प्लाय मरीन ग्रेडचाच, म्हणजे होड्यांसाठी बनवलेला, घ्यायचा, याबद्दल मी ठाम आहे. बीएस १०८८ हे त्यासाठीचं ब्रिटिश मानक. बाहेरच्या वापराच्या चांगल्या प्लायमधलं चिकटद्रव्यही पाण्याला टिकतं, मग मरीन कशाला, असं पुष्कळदा ऐकू येतं. फरक आतल्या थरांत आहे. साध्या प्लायच्या पोटात फटी असतात, गाठ निघून गेलेल्या जागा रिकाम्या असतात. कपाटात त्याने काही बिघडत नाही. होडीची फळी वाकवताना मात्र ती नेमकी तिथेच दगा देते. गोलाई यायच्या ठिकाणी कोपरा पडतो. पाणी शिरलं तर तेही त्याच फटीतून आतल्या आत पसरतं. मी शीटच्या चारही कडा उजेडात पाहिल्या, नाण्याने ठोकून आवाज ऐकला. पोकळ जागी आवाज बदलतो. एक तुकडा उकळला, वाळवला, पुन्हा उकळला आणि थर सुटतात का ते पाहिलं. लाकूड ओकुमे होतं. ते हलकं, गुण्यागोविंदाने वाकणारं, पण कुजण्यापुढे फारसा टिकाव न धरणारं. ओकुमे घ्यायचं तर एकही कड, एकही भोक उघडं ठेवायचं नाही, ही अट त्याच्याबरोबरच घरात येते.

शीट २४४० मिलिमीटरची आणि फळी साडेतीन मीटरची, तेव्हा आधी जोड. प्लायचा तिरका जोड १:८ उताराचा करतात; ६ मिलिमीटर जाडीला ४८ मिलिमीटरचा उतार. शीट एकमेकींवर पायऱ्यांसारख्या मागे-पुढे ठेवायच्या आणि सगळ्या कडांवरून एकदमच रंधा चालवायचा. उतार उतरत जातो तसे प्लायचे थर उघडे पडतात आणि त्यांच्या मधल्या चिकटद्रव्याच्या काळसर रेघा पट्ट्यापट्ट्यांनी दिसू लागतात. त्या सरळ आणि समांतर असतील तर उतार बरोबर. एखादी रेघ वळली तर तिथे उंचवटा किंवा खड्डा आहे. पट्टी, गुण्या काहीही लावावं लागत नाही. हे मला फार आवडलं होतं, आणि रंध्याला उत्तम धार असेल तर या कामात खरोखर मन रमतं. चिकटवताना आधी पातळ इपॉक्सी, म्हणजे दोन द्रवं कालवून घट्ट होणारं चिकटद्रव्य, पाजायचं, कारण तिरक्या कापामुळे उघडे पडलेले लाकडाचे तंतू ते शोषून घेतात. मग घट्ट केलेलं इपॉक्सी लावायचं आणि बेताने दाबायचं. फार आवळलं तर सगळं इपॉक्सी बाहेर येऊन जोड कोरडा राहतो.

नकाशाबरोबर मापांची सारणी होती: ठरावीक अंतरावर फळीची वरची आणि खालची कड कुठे येते, मिलिमीटरमध्ये. ते बिंदू जोडलेल्या शीटवर मांडले, प्रत्येक बिंदूवर बारीक खिळा ठोकला आणि खिळ्यांना टेकवत एक लांब, बिनगाठीची लाकडी पट्टी वाकवली. चांगली पट्टी आपली गोलाई आपणच शोधते. एखाद्या खिळ्यापाशी तिला जबरदस्तीने ओढावं लागत असेल तर तो खिळा हलवायचा, पट्टीला छळायचं नाही. त्यानंतर डोळ्याची परीक्षा. उभ्याने बघून काही कळत नाही. गाल जमिनीला टेकवून रेषेच्या लांबीने बघावं लागतं. माझी लेक माझ्याआधी आडवी झाली, एक डोळा मिटला आणि म्हणाली, “आई, इथे पोट आलंय बघ.” फरक दीड-दोन मिलिमीटरचा असेल. तेवढंच पोट रंगवलेल्या होडीवर, तिरप्या उन्हात, लांबून दिसतं. खिळा सरकवला, पट्टी सैल झाली आणि रेषा सरसरीत वाहू लागली.

जिगसॉने रेषेच्या बाहेरून थोडं राखून कापलं. मग डावी-उजवी फळी एकीवर एक क्लॅम्पने आवळून रंध्याने दोन्ही एकत्रच रेषेपर्यंत आणल्या. दोन्ही फळ्या एक मिलिमीटरने लहान झाल्या तर होडीला पत्ताही लागत नाही. एकच लहान झाली तर होडीला पीळ पडतो.

आता शिवण. कडेपासून सेंटिमीटरभर आत भोकं, दोन भोकांत दहा-पंधरा सेंटिमीटर अंतर, पुढच्या टोकाच्या पिळाच्या जागी त्याहून जवळजवळ. तांब्याची तार ओवून नुसती पिरगळायची, आवळायची नाही. आधी तळाशी खालच्या फळ्या शिवल्या, त्यांना वरच्या, मग आडवे पडदे, म्हणजे होडीच्या आतल्या प्लायच्या आडव्या भिंती, आणि पाठफळी बसवली. इतके दिवस भिंतीला टेकून पडलेल्या सपाट फळ्या उभ्या राहिल्या, पुढे एकमेकींकडे झुकल्या, आणि टोकाशी शेवटचा टाका पडला तेव्हा समोर होडी होती. काही चिकटलेलं नव्हतं, सगळं डुगडुगत होतं, पण आकार पूर्ण होता. घरातले सगळे तिच्याभोवती फिरत राहिले. मीसुद्धा त्या दिवशी पुढचं काम केलं नाही.

हीच अवस्था सगळ्यात मोलाची आहे, कारण इथपर्यंत सगळं दुरुस्त करता येतं. इपॉक्सी लागल्यावर पीळ कायमचा. म्हणून मी कित्येक संध्याकाळी नुसती मापं घेत बसले. टोकापासून पाठफळीच्या मध्यापर्यंत दोरी ताणली आणि प्रत्येक पडद्याचा मध्य त्या दोरीखाली येतो का ते ओळंब्याने पाहिलं. टोकापासून पाठफळीच्या डाव्या आणि उजव्या कोपऱ्यापर्यंतची अंतरं सारखी आहेत का ते मोजलं. पुढच्या आणि मागच्या पडद्यावर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवली आणि लांब उभं राहून एका पट्टीवरून दुसरी पाहिली. दोन्ही समांतर दिसल्या तर पीळ नाही. ही शेवटची तपासणी पाणसळीपेक्षा सोपी आणि माझ्या मते जास्त भरवशाची, कारण जमीन सपाट असो नसो, दोन पट्ट्या एकमेकींशीच ताडून पाहायच्या असतात. कुठे पाचर सारली, कुठे विटा ठेवल्या, दोन-चार टाके सैल केले, आणि मग मध्यापासून टोकांकडे जात थोडे थोडे सगळे आवळले.

इपॉक्सीबद्दल मोकळेपणाने लिहायला हवं, कारण होडी बांधण्यातला बराच वेळ लाकडाशी नाही, त्याच्याशी जातो. रेझिन आणि हार्डनर यांचं बनवणाऱ्याने दिलेलं प्रमाण काटेकोर पाळायचं. मी वजनकाट्यावरच मोजत असे. वजनाचं प्रमाण आणि आकारमानाचं प्रमाण वेगवेगळं असतं, डब्यावर कोणतं दिलंय ते नीट वाचायचं. लवकर घट्ट व्हावं म्हणून हार्डनर वाढवायचा नाही. जास्तीच्या हार्डनरला जोडीला रेझिन मिळत नाही, आणि थर कायमचा मऊ राहतो. कालवलेलं इपॉक्सी खोल भांड्यात ठेवलं तर स्वतःच्याच उष्णतेने तापतं, तापलं की आणखी भराभर घट्ट होतं, शेवटी धूर निघतो. पसरट तबकात ओतलं की कामाला पुरेसा वेळ मिळतो.

आधी टाक्यांच्या मधल्या जागी आतून इपॉक्सीचे छोटे ठिपके देऊन फळ्या पकडल्या. ते घट्ट झाल्यावर तारा काढल्या आणि मग सगळ्या सांध्यांत सलग गोलाई भरली. त्यासाठी इपॉक्सीत लाकडाचं बारीक पीठ आणि कोलॉइडल सिलिका घालून ते रंगकामातल्या लांबीइतकं घट्ट करतात. सिलिका अतिशय हलकी असते, डबा उघडताक्षणी हवेत उडते. मास्क लावल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. गोल टोकाच्या लाकडी पट्टीने सांध्यात एक सलग ओढ घ्यायची, बाजूला आलेलं खरवडून काढायचं आणि ते ओलं असतानाच वर काचतंतूची पट्टी बसवून इपॉक्सी पाजायचं. ओल्यावर ओलं केलं की दोन्ही थर रसायनाने एक होतात, मध्ये घासावं लागत नाही.

घट्ट झालेल्या इपॉक्सीवर पुष्कळदा मेणचट पातळ थर येतो, दमट हवेत जास्त. तो पाण्यात विरघळतो. साध्या पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुऊन पुसायचा आणि त्यानंतरच सँडपेपर लावायचा. तसंच घासलं तर तो मेणचटपणा आत चोळला जातो आणि वरचा थर धरत नाही. दुसरी गोष्ट हवेची. लाकडात हवा असते. तापमान चढत असताना ती फुगते आणि ओल्या इपॉक्सीतून बुडबुडे काढते. त्यामुळे उघड्या लाकडाचा पहिला थर मी नेहमी दिवस उतरताना दिला. लाकूड गार होत जातं, हवा आकसते आणि इपॉक्सी आत ओढलं जातं.

आणि हातमोजे. इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा आयुष्यभर जात नाही. ती पहिल्याच दिवशी होते असं नाही; वारंवार कातडीला लागून लागून कधीतरी होते. नायट्राइलचे मोजे, पूर्ण बाह्या, अर्धवट घट्ट झालेला थर न घासणं आणि कातडीला लागलेलं थिनरने न पुसणं, एवढं पाळलं तर निर्धास्त काम करता येतं. थिनर ते कातडीत आणखी खोल नेतो.

होडी पालथी केली आणि बाहेरच्या कडा चांगल्या गोल केल्या, कारण काचेचं कापड धारदार कोपऱ्यावरून वळत नाही, तिथे उचललं जाऊन हवा धरतं. २०० ग्रॅम प्रति चौरस मीटरचं कापड अंथरलं, मध्यावर इपॉक्सी ओतलं आणि रबरी पट्टीने कडांकडे सारलं. पांढरं कापड ओलं होत गेलं तसं पारदर्शक झालं आणि खालच्या लाकडाचे रेषे वर आले. नंतरचे थर विणीचे खळगे भरण्यासाठी. मग घासणं, ज्याबद्दल एवढंच सांगते की लवचीक लांब फळीला सँडपेपर लावून तिरकं घासायचं आणि आधी पृष्ठभागावर पेन्सिलीने रेघोट्या मारून ठेवायच्या. जिथे रेघोट्या राहिल्या तिथे खड्डा आहे.

सगळ्यात काळजीची जागा म्हणजे मधल्या पात्याची पेटी. शिडाची होडी आडव्या वाऱ्यात बाजूला सरकू नये म्हणून पाण्यात एक उभं पातं उतरवतात. ते ज्या खाचेतून जातं ती खाच होडीच्या तळालाच पाडलेली असते, आणि तिच्याभोवती आतून ही उभी पेटी. पेटीच्या आतल्या बाजूला एकदा जोडल्यावर हात पोचत नाही. म्हणून तिच्या दोन्ही भिंती आतून काचेचं कापड आणि इपॉक्सीने पूर्ण करून, घासून, मगच एकमेकींना जोडल्या. खाचेच्या कापलेल्या कडाही तशाच बंद केल्या. प्लायला पाणी पृष्ठभागातून सहसा बाधत नाही, कडेतून बाधतं. स्क्रूच्या भोकांनाही हेच लागू. भोक मोठं पाडायचं, घट्ट इपॉक्सीने भरायचं, ते वाळलं की मधोमध हव्या त्या मापाचं भोक पाडायचं. स्क्रूच्या बाजूने पाणी शिरलं तरी त्याला लाकूड भेटत नाही. वेळखाऊ आहे, पण मी एकही भोक याशिवाय ठेवलेलं नाही.

काठाच्या पट्ट्या तीन पातळ थरांत चिकटवल्या. त्यासाठी पीव्हीसी पाइपच्या चकत्या कापून त्यांना एकेक चीर दिली. फाकवून काठावर अडकवली की चकती छान आवळून धरते. हातभर अंतरावर एकेक म्हटलं तरी अशा पुष्कळ लागतात.

डोलकाठी डग्लस फर या लाकडाची, भरीव. चौकोनी लाकूड आधी निमुळतं तासायचं, त्याचं अष्टकोनी करायचं, मग सोळा कोनी, मग गोल. अष्टकोनाच्या रेषा आखायला एक साधं हत्यार घरी बनतं: लाकडाच्या पट्टीला दोन खुंट्या, त्यांच्या मधल्या अंतराचे ७:१०:७ असे भाग करून त्या दोन जागी पेन्सिली. खुंट्या लाकडाच्या दोन्ही बाजूंना टेकत राहतील अशी ती पट्टी तिरकी धरून ओढत न्यायची. डोलकाठी जिथे निमुळती होते तिथे पट्टी आपोआप आणखी तिरपी होते आणि रेषा तेच प्रमाण राखतात. इतकं साधं आणि इतकं अचूक साधन मी या कामात दुसरं पाहिलं नाही.

रंग लावला, कारण इपॉक्सी उन्हातल्या अतिनील किरणांनी खराब होतं. वार्निश हवं असेल तर अतिनील रोखणारंच घ्यायचं. होडी उलटली तरी तरंगावी म्हणून दोन्ही बाजूंना असलेल्या हवाबंद पेट्यांच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावून आत हलकेच फुंकलं आणि बुडबुडे येतात का ते बघितलं.

पहिल्या दिवशी वारा मंद होता. शीड आयताकडे झुकणारं, चौकोनी लग प्रकारचं; त्याचा थोडा भाग डोलकाठीच्या पुढे येतो. सुकाणू सोडलं की होडी वाऱ्याकडे तोंड फिरवत होती, पण जरा जोरातच, आणि सुकाणूचा दांडा सतत ओढून धरावा लागत होता. शिडाचा जोर ज्या बिंदूतून लागतो तो, पातं ज्या बिंदूतून पाणी अडवतं त्याच्या फार मागे पडला की असं होतं. लग शिडाचा फायदा असा की डोलकाठी हलवावी लागत नाही. शिडाचा वरचा आणि खालचा दांडा थोडा पुढे सरकवून बांधला आणि सुकाणूच्या दांड्यावरचा ओढा दोन बोटांत मावेल एवढा उरला. तो पूर्ण घालवायचा नसतो; हातातून सुकाणू सुटलं तर होडीने आपणहून वाऱ्याकडे वळून थांबावं, यात सुरक्षितता आहे.

दुसऱ्या खेपेला तारणजाकिटं घालून, छातीभर पाण्यात, होडी मुद्दाम उलटवली. हवाबंद पेट्या कोरड्या राहिल्या. पात्यावर भार दिला तशी ती उठून बसली, आत आलेलं पाणी बादलीने काढता आलं आणि काढताना पात्याच्या पेटीच्या खाचेतून पाणी परत चढलं नाही. आत चढणं मात्र अवघड गेलं, कारण भिजलेल्या कपड्यांनिशी काठावरून शरीर ओढून घ्यायला टेकू नसतो. पाठफळीच्या आतल्या कड्याला दोरी बांधून तिला पाण्याखाली गुडघ्याच्या उंचीवर पायरी केली. आता लेकही कुणाच्या मदतीशिवाय चढते.